चिमण्यांच्या पोटातली संध्याकाळ

४ मार्च
खोटारडी! सगळ्यांच्या देखत!
माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर; त्यांनी माझे तक्ते टेबलावर भिरकावले आणि थंडपणे म्हणाले की, हे आकडे पिंजऱ्यातून नाही, डोक्यातून आलेत. माझ्याच चिमण्या, माझेच पिंजरे. पण प्रयोगशाळेतल्या सीनियरने फेरतपासणी केली तर विष्ठेत परजीवीचं एकही अंडं सापडेना. मला मात्र काचपट्टीवर खच दिसतो. सीनियर खाली मान घालून बसला होता. सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सिद्ध कर, नाहीतर प्रबंध विसर!

५ मार्च
दात दुखतायत. रात्रभर आवळलेले होते.

६ मार्च
ताईला सांगितलं. आधी हसली – चिमण्यांची शी बघायला एवढं शिकलीस, आणि त्यातही भांडणं? मग नेहमीची कुरकुर. तो सीनियर सकाळीच नमुने घेऊन मोकळा होतो, तू रोज संध्याकाळी तिथे काय करत बसतेस? अगं, सकाळी मला शिकवायचे तास असतात, म्हणून –
आणि तोंडातला घास तसाच राहिला. तो सकाळी. मी संध्याकाळी!

९ मार्च
पिंजऱ्यांखाली कोरे कागद घातले. त्याच चिमण्या, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सकाळच्या पट्ट्या रिकाम्या. संध्याकाळच्या गच्च!
ही अंडी उन्हात पडली की सुकून मरतात. म्हणून हा परजीवी आतड्यात दबा धरतो आणि ऊन उतरलं की अंडी बाहेर सोडतो. मेंदूचा पत्ता नाही, तरी वेळ कळते. आणि मेंदूवाली माणसं – जाऊ दे.

१४ मार्च
पुन्हा पुन्हा केलं. तेच. सीनियरला ओढत आणून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. बराच वेळ बघत राहिला. मग पुटपुटला की सकाळीच नमुने घ्यायचे हा सरांचा नियम – मला कुणी सांगितलाच नव्हता – आणि तो मोडायची त्याची छाती नव्हती. मी ओरडले त्याच्यावर. बरं वाटलं नाही.

१६ मार्च
आज सर. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि हाताची घडी घालून उभी राहिले. सगळ्यांसमोर त्यांना माफी मागायला लावणार होते मी.
त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि लगेच काढला. चेहऱ्यावर नवल नाही, काही नाही.
"मला दिसलं होतं हे," म्हणाले. "तुझ्याएवढा होतो. माझ्या सरांनी मला खोटारडा म्हटलं. मी तो भाग प्रबंधातून काढून टाकला. इथे आल्यावर सकाळचा नियम लावला – पुन्हा दिसायलाच नको."
म्हणजे त्या दिवशी तक्ते भिरकावताना त्यांना माहीत होतं!

१७ मार्च
प्रबंधात एक वाक्य घातलं: हे सर्वप्रथम पाहिलं ते आमच्या सरांनी. पुढे त्यांचं पूर्ण नाव. काढ म्हणाले. हात जोडले त्यांनी.
नाही काढलं.