कंबर अजून थोडी आत

सोमवार, ३ जून
आजपासून कामाला लागले! कपड्यांच्या जाहिरातींचे फोटो काढणारा स्टुडिओ आहे. तिसऱ्या मजल्यावर लांबट खोली, काळे पडदे, चार कॉम्प्युटर. खिडकीजवळची खुर्ची माझी. ताई फोनवर म्हणाली, लहानपणी भिंती रंगवून मार खायचीस, आता खुशाल रंगव. इथल्या सगळ्यात जुन्या माणसाला सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी शिकवलं: फोटोत आधी चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, मग कॉम्प्युटरच्या पेनने मॉडेलची कंबर हळूच आत ढकलायची. मागच्या भिंतीची रेघ मात्र वाकता कामा नये, नाहीतर चोरी पकडली जाते.

गुरुवार, ६ जून
आमची मॉडेल भेटली. विशीतली, तोंडाला खळ नाही, म्हणून नाव पडलंय चिमणी. माझा अर्धा डबा तिनेच फस्त केला आणि वर बोटं चाटली. मग माझ्या खुर्चीमागे उभी राहून स्वतःचे तयार फोटो बघत बसली. मी खरंच अशी दिसते का, असं तिने विचारलं. हो म्हणून टाकलं.

मंगळवार, १८ जून
चिमणी डब्याकडे फिरकत नाही. घरून पोटभर खाऊन आले म्हणते. तयार फोटो मोबाइलवर मागून घेते, नेटवर टाकते, त्यांखाली किती बदाम आलेत ते दिवसभर बघते. मालकांचा निरोप आला: लोकांना आवडतंय, कंबर अजून थोडी आत.

शुक्रवार, ५ जुलै
आज विचित्रच झालं. तिचा नवा फोटो उघडला, तर कंबरेला हात लावायची गरजच नव्हती. मागच्या महिन्यात मी बनवलेला फोटो शेजारी ठेवला. रेघेला रेघ जुळत होती. मास्तर खूश, म्हणाले, तुझं काम वाचलं. दुपारी पुन्हा मालकांचा निरोप. अजून थोडी आत.
केली.

बुधवार, २४ जुलै
पुन्हा जुळली. एवढ्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसते. जिन्यात दर चार पायऱ्यांवर थांबते. न राहवून मी खरं सांगितलं, की फोटोतली ती तू नाहीसच, मी कोरून काढलेली आहे. मूळ फोटोही दाखवला. रागावेल वाटलं होतं. तिने तर माझे आभार मानले. म्हणाली, तुझ्यामुळेच कळलं, कुठे कुठे जास्त आहे ते.

मंगळवार, ६ ऑगस्ट
मास्तरांना सांगितलं, तिचे फोटो मी करणार नाही. म्हणाले, मग मी करेन.
मला माणसं नीट दिसेनाशी झालीत. बसमधल्या बाईची हनुवटी. ताई आली, मिठी मारली, आणि मी तिचे दंड मनातल्या मनात—
जेवले नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट
चिमणी कोसळली. दिव्यांखाली, उभ्या उभ्या. नाडी लागेना— उचलली तेव्हा हातात वजनच—
दवाखान्यात आणलंय, डॉक्टर तपासतायत.

मंगळवार, १३ ऑगस्ट
दवाखान्यात आहे. तिचा मूळ फोटो छापून आणला. बघ, म्हटलं, ही खरी तू. तिने विचारलं, ही जाडी कोण?
तिची आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.
आता दोघीच. तिला झोप लागलीय. मी हात धरून बसलेय, रडतेय, तिने जगावं एवढंच— आणि तरी नजर तिच्या चेहऱ्यावरून— कपाळ ठीक, मान ठीक, फक्त डावा गाल अजून थो—