अंगणातलं सरकारी भांडं

६ ऑगस्ट १९६५
पर्जन्यमापक अखेर शाळेच्या अंगणात बसलं. वर्षभर कचेरीच्या मागे लागलो होतो. आजवर पाऊस मोजायचा शहापुरात आणि तोच उंबरमाळीकडच्या या डोंगरवाडीला लावायचा. तिथे धो धो, इथे भात पिवळं, तरी कागदावर आम्ही ओलेचिंब. आता आमचा पाऊस आमच्या नावावर. दिवस मजेत गेला. मुलांना गणितंही पावसाचीच घातली.

११ ऑगस्ट
आभाळ स्वच्छ, तरी सकाळी मापकाच्या बाटलीत पाणी. कालही होतं. दव म्हणावं तर इतकं? वहीत पाऊस म्हणून मांडलं खरं. सौ. म्हणते, "देव तुमच्यापुरताच पाडतो वाटतं." हसलो, पण हे आकडे असेच वर गेले तर टंचाईच्या यादीतून वाडी बाद. खाचरांना भेगा पडल्यात.

१३ ऑगस्ट
उलगडा झाला. सकाळी खिडकीशी बसून राहिलो. शाळा झाडणारी चांगुणाबाय आली, अंगण झाडलं, आणि तांब्यातलं घोटभर पाणी मापकाच्या नरसाळ्यात ओतलं. विचारलं, तर म्हणे, "सरकारचा भांडा दारात कोरडा कसा ठेवू, गुर्जी? बरा दिसत नाय." रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. समजावलं, भांडं कोरडं राहिलं तरच सरकारला आपला दुष्काळ दिसेल.
"म्हंजे भांडा उपाशी राहिला तर आमी जेवनार?"
तसंच, बाय.


१४ ऑगस्ट
चुकीचे आकडे खोडले, शेजारी कारण लिहिलं. महसूल खात्याचे सर्कलसाहेब तपासणीला येणार आहेत. 'बाईने पाणी घातलं' यावर कोण विश्वास ठेवणार? सौ.ला वाचून दाखवलं. ती हसून बेजार, मी काळजीत.

१९ ऑगस्ट
बाटली कोरडी. यात आनंद मानावा असं नाही, पण झाला. चांगुणाबाय आता भरला तांब्या मापकाच्या कट्ट्यावर ठेवते. तेवढं तिचं राहू दे.

२४ ऑगस्ट
साहेब डोंगर चढून आले, घामाघूम. आधी कट्ट्यावरचा तांब्या उचलला, गटागटा प्यायले. मग वही. खोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच चांगुणाबाय पुढे.
"मीच वतला, सायेब. तुमी आता पिलाव ना, ह्याच तांब्यातला."
साहेबांनी रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. मग नरसाळ्यात डोकावले. "बघतो," एवढंच म्हणाले. वही सोबत नेली.
ते उतरणीला लागायच्या आत तिने तांब्या पुन्हा भरून ठेवला.