डोक्यातलं खळं

७ नोव्हें.
खासबागेतल्या डॉ.कडं गेलते. कानामागं रुपयाएवढी चाई पडलीया, एकदम गुळगुळीत. कागदावर लिहिलं 'ॲलोपेशिया अरिएटा'. "म्हंजे?" "चाई." अहो, ते मलाबी कळतंय! नाव कुठनं आलं? "लॅटिन असंल बाई." मलम दिलं. केस परत येतील? "बहुतेक." बहुतेक! फेब्रुवारीत लग्न हाय माझं.

९ नोव्हें.
सुहासचा निपाणीहून फोन. पुढच्या रविवारी उचगावला घरी येतोय. चाईचं बोलले न्हाय. लग्नाआधी त्याला सांगायला पायजे, पण मोडलं तर? शाळेत पोरींना म्हणते, आजाराची लाज कसली! आणि स्वतः स्कार्फ बांधून विज्ञान शिकवतीया. वा गं बाई.

११ नोव्हें.
शाळेशेजारच्या चर्चमधले म्हातारे फादर लॅटिन शिकलेले. मधल्या सुट्टीत गाठलं. कुणाला झालंय ते सांगितलं न्हाय. लई खूश झाले. पहिला शब्द मूळचा ग्रीक, लॅटिननं उसना घेतलेला. त्यात कोल्हा हाय! खरूज झाली की त्याचे केस झडतात म्हणून. पूर्ण टकल्या माणसाला लॅटिनमधी 'कॅल्वस'. आणि अरिएटा? "एरिया. सपाट, मोकळी जागा. धान्य मळायची."
म्हंजे खळं!
"रोमन लोक डोक्यावरच्या अशा जागेलाही तेच म्हणत." शेतकरीच की मग. घंटा झालेली कळली न्हाय. हेडबाई रागावल्या.

१२ नोव्हें.
संध्याकाळी शेतात. भात मळून झालंय, आप्पा बांधावर बसलेले. म्हटलं, "आप्पा, रोमन लोक चाईला खळं म्हणायचे."
"कुणाला झालीया?"
स्कार्फ सोडला आणि ढसाढसा रडले. आई गेल्यापासनं अशी रडले नव्हते.
आप्पा उठले. पायातल्या चपला काढून लांब ठेवल्या. म्हटलं, हे काय? "खळ्यात कोण चपला घालून जातंय व्हय?" मग पिशवीतलं मलम मागून स्वतः लावलं. बोट खरखरीत.
"खळं बारा म्हैनं ऱ्हातंय काय गं? मळणी झाली की नांगर, मग तितंच मसूर."
"मसूर उगवलाच न्हाय तर?"
आप्पांनी मलमाचं झाकण लावलं. मग म्हणाले, "त्ये कुणाच्या हातात न्हाय. पण वाटेकऱ्याला रान आदी दावावं. पेरल्यावर न्हाय."

१६ नोव्हें. रवि.
आरशात पाहिलं. एक पांढुरकी लव दिसतीया. का मलमच? आप्पांना विचारलं, त्यांना चष्म्याशिवाय दिसंना.
मोटारसायकल थांबली. सुहास दारात बूट काढतोय.
स्कार्फ खुंटीलाच हाय.