केस की केसं

१ नोव्हेंबर १९५५, मंगळवार

फणीत मूठभर केस आले. आधी वाटलं, गंगावनाचे उसने केस अडकले. मग आठवलं, आपण गंगावन कधी लावलंच नाही!

हे काल सकाळच्या गाडीने हैदराबादला गेले. पोखर्णीच्या भुजंगाचा खटला हायकोर्टात लागलाय. गायरानावर मेंढरं बसवायचा त्याचा हक्क गावातल्या बड्या लोकांनी मोडला, त्याचा. भुजंगही बरोबर गेलाय. दिवाळीच्या आत येतो म्हणालेत.

भाद्रपदात मला टायफॉईड झाला. उठले तरी हात वर धरवत नव्हते, भरून यायचे. तेव्हापासून फणी हेच करायचे. कुणाला सांगायची सोय नाही — परभणीचे वकील दिनकरराव दार लावून बायकोची वेणी घालतात. वेणी कसली, दोरखंड. पण रोज. चष्मा लावून, कोर्टाचा कागद वाचावा तसे. मला मागे वळू द्यायचे नाहीत. झालं की चष्म्याची केस मिटल्याचा टक् आवाज. मग म्हणायचे, "ऊठ, निकाल लागला."

इतके दिवस एक केस गळला नाही. हे गेले, आणि आज माझ्या हाताने पहिली फणी फिरवली तर हे असं. माझाच हात वाईट असणार.

२ नोव्हेंबर

सकाळी उशी काळी. कालची मूठ परवडली.

३ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, "टायफॉईडच्या केसमध्ये केस जातातच." स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. मला हसू आलं नाही. मी केस व्हायचं आणि माझे केस जायचे, दोन्ही एकाच वाक्यात.

हा शब्द आमच्या घरात केवढी जागा अडवून बसलाय! निजामाच्या राज्यात हे मुकदमा म्हणायचे. राज्य गेलं, कोर्टाची भाषा पालटली, आणि उर्दूत वकिली शिकलेला माणूस चाळिशी उलटल्यावर इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसला. एकदा जेवता जेवता म्हणाले, "आज केस आहे." मी घाबरून ताटात पाहिलं. "कुठे?" तर म्हणे, "कोर्टात!"

त्या दिवशी डिक्शनरी उघडून सगळे अर्थ वाचून दाखवले. खटला म्हणजे केस. रोगी म्हणजे केस. डबी, पेटी, चष्म्याचं घर — केस. छापखान्यातले खिळे ठेवायचे खण, तेही. व्याकरणातली विभक्तीसुद्धा. मी म्हटलं, इंग्रजांकडे शब्दांची एवढी टंचाई? हे म्हणाले, "मराठीत मात्र केस एकाच जागी. तुझ्या डोक्यावर."

माझ्या रूपाबद्दल हे आजवर बोलले ते एवढंच. म्हणून जपून ठेवलंय. आता ते ज्याच्याबद्दल बोलले ते कोपऱ्यात पुंजका होऊन पडलंय.

४ नोव्हेंबर

भुजंगाची बायको कासाबाई आली होती. पोखर्णीहून चालत. "आमच्या मुकद्द्याचं काई कळलं का?" नाही म्हटलं. उठताना माझा पदर घसरला.

"आवं बाईसाहेब, हे काय व्हायलंय?"

काही नाही म्हणून पदर ओढला. ती कसली ऐकते! जवळ येऊन डोकं चाचपलं. "अर्धं हाय, अर्धं न्हाई. असं लोंबत ठिवू नगा. कातरून टाकू."

"कासाबाई, नवरा जिवंत आहे माझा." बोलले आणि माझीच मी दचकले.

"मग? म्या नवरा कातरायले व्हय? केसं कातरायले."

शिवणाची कात्री घेतली. माझी मान गुडघ्यात धरली, मेंढरू धरावं तशी, आणि सपासप चालवली. वर बोलणं चालूच. "कातरलं की मेंढरू चार दिस गारठतंय. कळपातबी तोंड लपवून उभं ऱ्हातंय. मग जी लोकर येती ती लय दाट."

आरसा पालथा घालून ठेवलाय.

५ नोव्हेंबर

शेजारच्या चतुराबाईंना कळलंच. कोर्टातल्या पेशकारांची बायको. तिच्यापासून काय लपणार? म्हणाली, "कुंकू जरा मोठं लावत जा गं. लोकांना लांबून कळायला हवं." वाईट मनाने नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

यांना कुणी कळवायचं नाही अशी तिला शपथ घातलीय. "अगं, दिवाळीला येतील तेव्हा बघतीलच की!" हो. पहिल्या आंघोळीला यांना तेल लावायचं, उटणं लावायचं, ओवाळायचं. हात गुंतलेले असताना पदर किती सांभाळू? आणि हे एक शब्द बोलणार नाहीत. नुसते चष्मा पुसतील. तेच सोसणार नाही.

पूर्णेला भावाकडे जावं. केस येईपर्यंत तिकडेच राहावं. "माहेरची ओढ लागली" म्हणायला कोण अडवतंय?

६ नोव्हेंबर

माणिकरावाला पूर्णेला निरोप धाडला. शुक्रवारी ये, मला ने.

७ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी दारात आश्रुबा. गल्लीच्या टोकाला राहतो, रेल्वेत खलाशी आहे, हैदराबादच्या गाडीवर असतो. टोपी काढून, पाठ केल्यासारखा बोलला.

"काल वकीलसाब टेशनावर आल्ते. परभनीचं कोन हाय म्हून हुडकायलते. मला म्हनले, घरी सांग — केसं गेली तं जाऊ दे. मन बारीक करू नको. मी हाय."

एवढंच सांगून गेला.

कुणी सांगितलं यांना? आधी राग आला. मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. भाजी लागली तरी उठले नाही.

मी आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती म्हणा. आणि म्हणाले तेही आश्रुबाच्या तोंडून!

८ नोव्हेंबर

आरसा सुलटा केला. माझे कान चांगले आहेत. इतकी वर्षं दिसलेच नव्हते.

परसात डोकं उघडं ठेवून धुणं वाळत घातलं. चतुराबाई बघत होती. बघू दे. नको येऊस म्हणून माणिकरावाला पुन्हा निरोप.

९ नोव्हेंबर

चतुराबाईंना निरोप सांगितला. माझंच चुकलं, सांगायला नको होता. ती पोट धरून हसली.

"अगं वेडे, कोर्टाची केस! मेंढरांची! ती गेली. तुझे केस असते तर 'केस गेले' म्हणाले असते. 'गेली' का म्हणतील?"

पेशकाराची बायको. मुद्दा बिनतोड.

तशीच आश्रुबाच्या घरी गेले. साहेब 'केस' म्हणाले की 'केसं'? तो गोंधळला. "बाईसाहेब, आमच्या तोंडात दोनी यकच की. गेले म्हनले का गेली, ध्यानात न्हाई. म्या आमच्यावानी गेली सांगितलं."

बरं, घरी सांग म्हणाले. कुणाच्या घरी? "आता ते म्या कसं इचारू?"

म्हणजे भुजंगाच्या घरी. त्याची केस गेली, तर मन बारीक करू नको, मी आहे, वर अपील करू. कासाबाईला द्यायचा निरोप मी दोन दिवस अंगावर पांघरून मिरवत होते!

यांना काहीच माहीत नाही.

माणिकरावाला तिसरा निरोप. तो मला खुळी म्हणणार.

१० नोव्हेंबर

कासाबाई येऊन गेली. "मुकद्द्याचं कळलं का काई?"

हा निरोप तिचा. ती समोर बसलेली. आणि माझ्याने बोलवेना. अजून नाही, म्हणाले. तिने तळवा माझ्या डोक्यावरून उलटा फिरवला. "आली बगा बारीक बारीक. हाताला टोचायलीत." मला रडू फुटलं. तिला वाटलं, केसांसाठी. "उगी. लोकर कुटं जाती?"

शुक्रवारी जायच्या आधी तिला सांगायलाच हवं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रंक भरली होती. टांगा दारात होता. माणिकराव घाई करत होता, "ताई, आता चौथा निरोप देऊ नकोस म्हणजे झालं!" तेवढ्यात भुजंग आला. थेट स्टेशनावरून. रुमालात बत्तासे.

"बाईसाहेब, जितलो! गायरान आपलं ऱ्हायलं."

मला कळेना. "निकाल कधी लागला?"

"बुदवारी की. परवा."

"मग रविवारी केस गेली म्हणाले, ती कोणती?"

भुजंगाने बत्तासे माझ्या हातावर ठेवले. "आपली तं यकच व्हती. ती काई गेली न्हाई."

मी ट्रंकेवर बसले.

रविवारी कुठलीच केस गेली नव्हती. गेली होती ती केसंच.

भुजंगाचं चालूच होतं. साहेब एक दिवस मागे थांबलेत, उद्या येतील. साहेब भांडले कसे! आणि साहेबांच्या चष्म्याला लय चरे पडलेत. "नुसताच कोटाच्या खिशात कोंबतेत. डबी हाय की संगं, पर उघडतच न्हाईत. म्या इचारलं तं हासले."

माणिकरावाला बत्तासे देऊन रिकामा पाठवला. टांगेवालाही हसला. आधी पोखर्णीला घरी जा, असं भुजंगाला बजावलं.

पण यांना सांगितलं कुणी? चतुराबाई देवाची आण घेते. आश्रुबाला अर्थच माहीत नव्हता. डॉक्टर गाव सोडून हलत नाहीत. कासाबाई हैदराबादला कुणाला ओळखते?

१२ नोव्हेंबर

हे आले. मी पदर घेतला नाही. हे चष्मा काढून पुसायला लागले. मी म्हटलं, चरे पडलेत, केसमध्ये का ठेवत नाही? द्या इकडे. देईनात. मीच कोटाच्या खिशातून काढून घेतली आणि उघडली.

आत माझे केस. ताप उतरल्यापासून यांनी केलेल्या प्रत्येक फणीतले, नीट गोल गुंडाळून, दाबून भरलेले.