शिस्त विभाग, चौदावा मजला

८ जुलै
रंजीतानं स्पष्ट सांगितलं. बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भर, मगच फोन कर. त्याच्या आधी करू नको. फॉर्म भरला तं ती घरी तिच्या बाबाले, मनसारामभाऊले, आमचं सांगते. नाई भरला तं दिवाळीनंतर भद्रावतीचे पाहुणे तिले पाहायले येतात, अन् त्याईले नाई म्हणायले तिच्यापाशी कारण नाई.
मी म्हटलं, दहावी म्हणजे का, चहा पिल्यासारखं.
ती म्हणे, सातवीत बी हेच म्हणला होता तू.
उद्यापासून अभ्यास.

१० जुलै
कालपासून करणार होतो पण सिमेंट आलं. आजपासून.
रंजीता पोंभुर्ण्याले प्रफुल सरच्या क्लासमध्ये कामाले आहे. सर रोज पाच वाजता दहावीवाल्याईले यूट्यूबवर लाईव्ह शिकवतात. ती मोबाईल धरते अन् पोरायच्या कमेंट वाचून दाखवते. आपण प्रश्न टाकायचा, सर तिथच उत्तर देतात. हैदराबादेत बसून पोंभुर्ण्याचा क्लास. डोकं पाहिजे असं.
अडचण एकच. पाच वाजता माझी ड्युटी. मी बिल्डिंगच्या मालाच्या लिफ्टवर आहे. खाली नेट चालत नाई, चौदाव्या मजल्यावर फुल. म्हणून पाच ते सहा लिफ्ट चौदाव्यावर उभी राह्यल. याले नियोजन म्हणतात.

११ जुलै
कमेंट टाकली, हजर सर. रंजीतानं वाचली! "झिंगू, हैदराबाद." वाचताना तिचा आवाज हलला. का नेटवर्क हललं. नाई, आवाजच.
सरनं समीकरणं शिकवली. समजली. वहीत लिहिली नाई, डोक्यात आहेत.

१५ जुलै
माझ्या खोलीत लालसू राह्यते. भामरागडचा, नववी शिकला, विटा वाहते, बोलते कमी. त्याले बी दहावी द्यायची आहे. पाच वाजता विटा घेऊन वर येते अन् माझ्या मोबाईलवर ऐकत बसते. त्याले म्हटलं, समजलं नाई तं मले विचारत जाय. त्यानं लगेच विचारलं. मी म्हटलं, सरले विचार ना, लाईव्ह कशाले आहे मग?

१९ जुलै. मोठा दिवस
क्लासमध्ये कोणीतरी पत्त्याच्या जुगाराच्या लिंका टाकून राह्यलं. सर वैतागले. म्हणे, रोज पूर्ण वेळ हजर कोण राह्यते, त्याले मॉडरेटर करतो. मी पहिला. सरनं तिथच बटन दाबलं अन् माझ्या नावासमोर निळा पाना आला. साईटवर पाना घ्यायचा तं स्टोअरवाला तीन सह्या मागते. मले बिनसहीचा भेटला.
आता मी कोणाचीबी कमेंट उडवू शकतो. पाच मिनिटं गप्प बसवू शकतो. कायमचा लपवू शकतो.
आईले फोन केला, म्हटलं मी क्लासमध्ये साहेब झालो. आई म्हणे, पास कधी झाला?
तिले यातलं समजत नाई.

२० जुलै
नाव बदललं. झिंगू नावाले पोट्टे भेत नाईत. आता नाव "शिस्त विभाग." फोटोच्या जागी कुलूप.
पहिल्याच दिवशी सहा जण गप्प. त्यातल्या एकानं फक्त "हाहा" लिहिलं होतं. पण सुरुवात अशीच होते.

२४ जुलै
नियम ठरवले. विषयाबाहेरचं विचारायचं नाई. लिंक नाई. एकच शब्द परत परत नाई. शिस्त विभागाले दादा म्हणायचं नाई.
दीपाली नावाची एक पोरगी आहे. रोज विचारते, सर, सतरा नंबरचा फॉर्म कधी सुटते? विषय चालला भूमितीचा अन् हिचा प्रश्न फॉर्मचा. उडवली. फॉर्म सुटला की सर सांगतीलच की, घाई कायची आहे.

३० जुलै
एक गोष्ट ध्यानात आली. सर बोलतात तं कमेंटवरचं लक्ष हटते. रंजीता वाचते तं अजून हटते. काल तिच्या आवाजाच्या नादात दोन लिंका सुटल्या. अधिकारी माणसाचं असं चालत नाई. मोबाईलचा आवाज बंद केला.
खूप फरक पडला. क्लास आता शांत वाटते.
लालसू म्हणे, अगा, मले ऐकू येऊन नाई राह्यलं. मी म्हटलं, कमेंट वाच. तो म्हणे, त्या तं तू उडवते.
त्यानं स्वतःच्या मोबाईलवर रिचार्ज मारला अन् जिन्यात जाऊन बसला. शिकायची जिद्द नाई पोट्ट्यात.

६ ऑगस्ट
सुपरवायझर चौदा मजले चढून वर आला. पहिले पाच मिनिटं नुसता कठड्याले धरून उभा. मग तेलुगूत बोलला. समजलं नाई, पण माणूस शिस्तीचा वाटला. मी त्याले मोबाईल दाखवला, म्हटलं दोनसो बच्चे सँभालता हूँ. तो म्हणे, तेरेसे एक लिफ्ट नहीं सँभलती.
त्याच्यावर वरून प्रेशर असन.

१५ ऑगस्ट
क्लासले सुट्टी. दिवसभर करमलं नाई. कोणाले गप्प बसवू? लालसूले दोनदा म्हटलं, आवाज कमी. तो झोपून होता.

२९ ऑगस्ट
अभ्यासाचा आढावा. गणिताच्या वहीचं पहिलं पान झालं, त्याच्यावर नाव लिहिलं. इंग्रजीची वही आणायची आहे. बाकी पोरं खाली मान घालून उतरवून घेत बसतात, त्याईले पूर्ण वर्ग कुठी दिसते? मले दिसते. परीक्षेत याचा फायदा होईन.

९ सप्टेंबर
परवा लालसूनं जिन्यातून प्रश्न टाकला. विषयाबाहेर होता, पूर्ण वाचला बी नाई, पाच मिनिटं गप्प केला. खोली एक असली म्हणून काय झालं.
आज तो टीसीची झेरॉक्स घेऊन आला. म्हणे, झिंगू, तू बी आपली टीसी मागवून घे, तो... पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. मी हात दाखवला. क्लासच्या वेळेत बोलायचं नाई.
तो म्हणे, बरं साहेब, तुमाले तं सगळं आधीच ठाऊक असन.
म्हटलं, आहेच.
तेव्हापासून तोंड फुगवून आहे. खोलीत बी बोलत नाई. जेलसी.

१६ सप्टेंबर
माझा अंगठा आता डोळ्यापेक्षा फास्ट आहे. लिंक दिसली की वाचत नाई, थेट उडवतो. दीपालीनं आज तीनदा लिंक टाकली. वर लांबलचक काईतरी लिहिलं बी होतं. तिन्ही वेळा उडवलं. कायमची लपवली.
असे लोकच दुसऱ्याचं नुकसान करतात.

३० सप्टेंबर
क्लासवर हल्ला झाला.
पाच चाळीसले अचानक सगळ्याईनं "हो" लिहायले सुरुवात केली. हो. हो सर. होहोहो. स्क्रीनवर सर दोन्ही हात हलवून काईतरी सांगून राह्यले होते. मदत मागत असतील. मी एकट्यानं एक्केचाळीस जण गप्प केले. खालून लोकं लिफ्टसाठी बोंबलून राह्यले, मी वाकून बी पाह्यलं नाई. सहा वाजता चिडीचूप.
सरनं शेवटी माझं कौतुक केलं असन. आवाज बंद होता.

१ ऑक्टोबर
पाना गेला. नेटवर्क असन म्हणून मोबाईल दोनदा बंद-चालू केला. नाई आला.
लालसूले विचारलं. जेवत होता. आज बोलला. म्हणे, काल सरनं विचारलं होतं, फॉर्म कोणाकोणाचा भरून झाला, त्याईनं हो लिहा. मी बी लिहिलं होतं. तू उडवलं.
मी म्हटलं, कोणता फॉर्म?
त्यानं हातातला घास खाली ठेवला. म्हणे, सतरा नंबर. काल शेवटची तारीख होती, उशिराची फी भरून बी. रंजीताबाई पंधरा दिवसापासून रोज सुरुवातीलेच सांगून राह्यली.
मी म्हटलं, मले कोणीच सांगितलं नाई.
लालसू हसला. तीन महिन्यात त्याले इतकं हसताना पाह्यलं नव्हतं. मग थांबला, अन् आपल्या ताटातला मासोळीचा तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला.
तेव्हा मले भेव वाटलं.

३ ऑक्टोबर
नेट कॅफेवाल्याकडे गेलो. म्हणे, बंद झालं, आता पुढच्या वर्षी. मी म्हटलं, मी मॉडरेटर होतो. तो म्हणे, बाजूले व्हा, मागं लाईन आहे.
लिफ्टवरून बी काढलं. उद्यापासून खाली वाळू चाळायची.

४ ऑक्टोबर
रंजीताले फोन केला. उचलल्याबरोबर म्हणे, भरला?
मी म्हटलं, त्याच्याच संदर्भात.
ती म्हणे, तू तं जुलैतच क्लास सोडला ना? पाना भेटला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून तुझं नाव यायचं बंद झालं. तरी मी रोज तारीख सांगितली की म्हणत होती, हैदराबादवाल्याईनं बी भरा म्हणून.
मी म्हटलं, मी रोज होतो. शिस्त विभाग मीच.
तिनं मले ते नाव पुन्हा म्हणायले लावलं.
मग म्हणे, तो तू होय? आमाले वाटलं मशीन आहे. सर म्हणे, मशीन बिघडली, पोरायले हो म्हणू देऊन नाई राह्यली. मीच बंद केली ना ती.
मी विचारलं, पाहुणे?
म्हणे, येतील. बाबानं तारीख दिली.
पाच वाजले होते. तिले क्लासचा मोबाईल धरायचा होता. आपला फोन तिनं कापला नाई, का कापायचा राहून गेला, माहीत नाई. मी वाळूच्या ढिगावर बसून ऐकलं. तिनं सगळ्यायची नावं वाचली. मग सर वर्तुळाचं शिकवायले लागले. कान देऊन पूर्ण तासभर ऐकलं.
एक अक्षर समजलं नाई.