उंबऱ्याचा दगड

चिखली,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

धनेशदादा यास,

जय भीम. इकडे माझ्याकडे वहिनी आणि मी ठीक आहोत. तू ठीक असणारच, तुला काय धाड भरलीय!

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय आणि तो उघडायचा माझा विचार नाही. म्हणून हे कागदावर. कुलदीप तुझ्याच शिफ्टला आहे, तो हातात देईल. त्याच्यासमोर फाडू नकोस, बिचाऱ्याला उगाच वाईट वाटेल.

आधी तुला हवी ती बातमी. वहिनीच्या हासळीचं हाड जुळत आलंय. प्लेट नीट बसली, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे पार्लरचं शटर खालीच आहे. भाकरी मी थापते आणि ती नावं ठेवते. ती घरी कधी येणार, हे तू आईच्या तोंडून विचारत असतोस. त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी. तोवर दम धर.

कुलदीप सांगत होता, येत्या रविवारी तुमच्या कंपनीचा फॅमिली डे आपल्या टेकडीवर आहे. सगळे बायकापोरांसकट सायकली घेऊन येणार. नवशिक्यांना हिरवी वाट, सराव झालेल्यांना निळी, पट्टीच्यांना काळी, आणि गळ्यात शिट्टी अडकवून तू ट्रेल इन्चार्ज. सुरुवातीला सुरक्षेवर चार शब्दही तूच बोलणार म्हणे. सुरक्षेवर! तू! कमाल आहे बाबा तुझी.

काय बोलणार आहेस? उंबऱ्याबद्दल बोलशील?

विसरला असशील तर सांगते. त्या तिन्ही वाटा आपण दोघांनी काढल्या. सुट्टीच्या दिवशी लोक मॉलमध्ये जायचे आणि आपण फावडं, पहार घेऊन महाळुंग्याच्या मागे चढायचो. बोर्ड लावले की कुणीतरी पत्र्यासाठी उपटून नेतं, म्हणून बोर्ड नकोतच, हे तूच ठरवलंस. त्याऐवजी काळ्या वाटेच्या तोंडाशीच दीड वीत उंचीचा दगड आडवा बसवला, तोच आपला उंबरा. ज्याला तो सायकलवर बसूनच ओलांडता येईल त्यानेच आत जायचं. ज्याला जमणार नाही त्याने तिथूनच मागे फिरायचं. उतरून सायकल उचलून पलीकडे न्यायची नाही, आणि मागे फिरणाऱ्याला कुणी हसायचं नाही. नवीन माणूस आला की तू छाती फुगवून हा कायदा सांगायचास. मी शेजारी उभी असायचे आणि मला तुझा केवढा अभिमान वाटायचा!

आता अपघाताच्या त्या रविवारचं. आपण तिघंच होतो. मी निळ्या वाटेने पुढे गेले होते, तू खाली मोबाइल धरून उभा होतास. वहिनी हिरव्या वाटेला वळायची ती काळ्या वाटेत शिरली आणि घळीत कोसळली. ती हॉस्पिटलच्या खाटेवर म्हणत होती, "मला दगड लागलाच नाही हो, वाट सपाट होती." आणि तू तिचा हात हातात घेऊन किती मायेने म्हणालास, "घाबरली होतीस ना, तुझं लक्षच नसेल." मग बाहेर येऊन आईला, ग्रुपला, तिच्या माहेरच्यांना सांगितलंस की हौस, दुसरं काय. उंबऱ्यावरून सायकल उचलून नेली असेल, व्हिडिओत दिसायचं होतं तिला.

तेव्हापासून जो भेटायला येतो त्याला ती हात जोडते. "माझीच चूक झाली." आईने तर तिच्या तोंडावर सांगितलं, झाली ना हौस? आणि ती मान खाली घालून "हो" म्हणाली. दादा, त्या "हो"ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तेव्हाच शंका आली होती. अपघाताच्या आदल्या शुक्रवारी जेवताना तू काय म्हणाला होतास? "एंट्रीलाच अडथळा आहे गं, लोक तिथून परत जातात. काळ्या वाटेवर माणसं वाढली पाहिजेत. एंट्री स्मूथ करतो, कायझेन टाकतो." तुमच्या कंपनीत अडथळा काढला की सुधारणा, म्हणजे तुमचं ते कायझेन, आणि सुधारणा झाली की टाळ्या आणि नोटीस बोर्डावर फोटो. मी म्हटलं, उंबऱ्याला हात लावू नकोस, तो अडथळा नाही, तो दाराची कडी आहे. तू हसलास आणि आणखी आमटी वाढून घेतलीस.

तरीही मी गप्प बसले, कारण वाटलं, तू स्वतःहून बोलशील. माझा भाऊ आहे, मोडकं हाड बघून तरी बोलेल.

काल वहिनीला घेऊन मी टेकडीवर गेले. कुलदीपने गाडीने पायथ्यापर्यंत सोडलं, पुढे आम्ही हळूहळू चाललो. काळ्या वाटेच्या तोंडाशी उंबरा होता. जागच्या जागी, अगदी साळसूद. वहिनी बघत राहिली. म्हणाली, "आहे की हो ताई. म्हणजे मीच आंधळी."

मग मी वाकून पाहिलं. त्या दगडावर आपण पांढरा पट्टा मारला होता, येणाऱ्याला लांबून दिसावा म्हणून अलीकडच्या बाजूने. आता तो पट्टा पलीकडे आहे, घळीच्या बाजूला. दगडाभोवतीची माती भुसभुशीत आहे. ती दोन वर्षं दबलेली माती नाही, दादा.

काढलास तो काढलास. ती तुझी अक्कल. पण बायको हाडात प्लेट घालून पडलेली असताना तू पुन्हा टेकडी चढलास, दगड परत बसवलास, तेही घाईत, उलटा. आणि खाली येऊन तिच्या डोक्यावर खापर फोडलंस. मला तुझी किळस येते. हा शब्द मी विचार करून लिहिलाय.

मी वहिनीला पट्टा दाखवला. तिने डावा हात दगडाला लावला.

मी तो फिरवलेला नाही. तसाच आहे. रविवारी शिट्टी वाजवायच्या आधी सगळ्यांना तिथे घेऊन जा. आईलाही ने. त्यांच्यासमोर तो दगड स्वतःच्या हाताने सरळ कर आणि उलटा का झाला ते सांग. आम्ही दोघी तिथे असू. तू बोलला नाहीस तर मी बोलेन, आणि मी बोलले तर तुला ते आवडणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वहिनीला विचारलं, दादाला काय कळवू, घरी कधी येणार? ती म्हणाली, "घरी यायचं मी रविवारनंतर बघेन. आता ह्यांना एवढंच लिहा. मी भित्री आहे, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे. दगड दिसला असता तर मी मागे फिरले असते."

स्वरूपाची नणंद,
अंजली