कलम अकरा

३ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय पक्का. कुंडलिकशी भागीदारी संपवायची. बेल्ह्यात आमचं पेंडीचं एवढं मोठं दुकान, आणि हा ऐन बाजाराच्या दिवशी काउंटर सोडून लोकांच्या म्हशींची विचारपूस करत फिरतो. स्ट्रॅटेजी नावाची गोष्ट ह्या माणसाच्या कानावरूनही गेलेली नाही.

५ फेब्रुवारी
करारात कलम अकरा आहे. मीच घातलंय, मोबाईलवर वाचून. ज्याला वेगळं व्हायचंय त्याने निम्म्या वाट्याची किंमत लिहून द्यायची. समोरच्याने महिन्याभरात त्या किमतीला आपला वाटा विकायचा, नाहीतर त्याच किमतीला लिहिणाऱ्याचा विकत घ्यायचा. 'नाहीतर'च्या पुढचं शोभेपुरतं. कुंडलिककडे गाडीत पेट्रोल टाकायला पैसे नसतात.

७ फेब्रुवारी
वाटा दहा लाखांचा तरी आहे. मी चार लिहिले. मोहिनीला दाखवलं. म्हणाली, "अहो, चार लाखांत निम्मं दुकान? लई स्वस्त हाय." लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला माझं डोकं कळलं. मग विचारते, कुंडलिकभाऊंनी घ्यायचं म्हटलं तर पैसा कुणाचाही चालतो का. चालतो म्हणालो. सगळं कलम समजावून सांगितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
भर बाजारात नोटीस दिली. कुंडलिकने उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "भाऊ, तेरा वर्सं झाली राव. आमचं काय चुकलं?" प्रोफेशनल व्हा, म्हणालो. त्यानंतर तो एका गिऱ्हाईकाला सुट्टे द्यायचे विसरला. वाईट वाटणार होतं, पण आवरलं स्वतःला.

१४ फेब्रुवारी
नवा बोर्ड करायला टाकला. 'रामनाथ कॅटल सोल्यूशन्स'. बोरी बुद्रुकचा पेंटर विचारतो, सोल्यूशन म्हणजे पंक्चरचं का. ह्या तालुक्यात जन्मलो हीच चूक.

२० फेब्रुवारी
मोहिनीच्या बचत गटाचं कर्ज मंजूर झालं. वर तिने माहेरच्या पाटल्या मोडल्या. कशाला, तर "धंद्यात घालती." शेळ्या असणार. बायकांना रिस्क कळत नाही. बोललो नाही. मोठ्या डीलच्या वेळी घरात शांतता हवी.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. भीमाशंकरला जाऊन आलो. देवाकडे मागितलं काही नाही, फक्त कळवलं.

३ मार्च, सोमवार
कुंडलिक अजून म्हशींचीच विचारपूस करतोय. मनाचा मोठेपणा म्हणून त्याला माझ्याकडे पगारावर राहायला सांगितलं. "बगू," म्हणाला. ह्यात बघण्यासारखं काय आहे?

१० मार्च, सोमवार
शेवटचा दिवस. सही घ्यायला पेन काढलं, तर कुंडलिकने बँकेचा ड्राफ्टच समोर ठेवला. चार लाख. "भाऊ, आमी इकत न्हाई. आमी घेतो."
पैसे कुणी दिले, विचारलं. तो दाराकडे बघायला लागला. दारात मोहिनी.
"मी दिलं," म्हणाली. "तुमचा वाटा आता माज्याकडं. दुसऱ्याच्या घरात न्हाई गेला, घरातच ऱ्हायला."
कोर्टात जाईन म्हणालो. तर म्हणते, "जावा की. पर कलम कुणी लिवलंय?"

१२ मार्च
जुन्नरला वकील गाठला. कलम फार छान लिहिलंय म्हणाला, एकही पळवाट नाही. एवढं बोलायची फी घेतली. दोन दिवस मोहिनीशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलेलं नसावं.

१७ मार्च, सोमवार
घरात बसवेना. बाजाराला गेलो, सहज. मोहिनी काउंटरवर होती. सवयीने आत शिरायला लागलो तर म्हणाली, "अहो, हमाल आला न्हाई आज. तुमी आलाच हाय तर टेम्पोतल्या गोण्या उतरवा."
एक दिवस मदत म्हणून उतरवल्या. पाठ गेली. दुसरी खेप आणताना पाय अडखळला, तसा कुंडलिक धावत आला. गोणीला हात देऊन म्हणाला, "पावणं, दमानं."
तेरा वर्षं भाऊ म्हणत होता.